टप

वाटणीत आर्वोला होडी मिळाली,
मला ही गाडी.
वकीलबाई म्हणाल्या, बरोबरीचं झालं.
अस्टोरियात निम्मं वर्ष पावसात जातं,
आणि माझ्या पदरात काय,
तर छप्पर उघडणारी गाडी.

शेजारच्या हेल्मीबाई कुंपणावरून विचारतात,
उघडतेस तरी कधी?
गेल्या साली अकरा वेळा, मी सांगते.
कॅलेंडरवर फुल्या आहेत.

आज ऊन पडलंय.
म्हणजे उघडायचा दिवस नव्हे, धुवायचा.

कापडी टप. काळा होता,
आता शिवणीशिवणीतून हिरवा.
आधी कोरडा ब्रश, घोड्याच्या केसांचा.
डेल्बर्टने दिला, तो होड्यांची ताडपत्री शिवतो.
माझ्याच तळहातावर फिरवून दाखवला त्याने:
विणीच्या अंगाने जायचं.
आडवं घासलंत की लव उठते,
मग ती बसत नाही.

मांजराचे केस चिकटपट्टीने.
सीगलची शीट कोमट फडक्याने, भिजवून भिजवून,
खरवडायची नाही.
शिवणीतलं शेवाळ जुन्या टूथब्रशने.
तो त्याचाच निघाला, निळा.

आर्वो प्रेशरचा फवारा मारायचा.
भांड्यांचा साबण, गुडघाभर फेस,
पाच मिनिटांत गाडी चकाचक,
आणि तसाच ओला टप खाली दुमडून
आम्ही निघायचो समुद्राकडे
वाऱ्यावर ओरडून बोलत.
खरं सांगायचं तर मजा यायची.
हे मी वकीलबाईंना सांगितलं नाही.

ओल मात्र घडीत राहायची.
एका सप्टेंबरात टप वर घेतला
तर मधल्या घडीवर, बरोबर रेषेत,
काळे ठिपके, मोहरी सांडावी तसे.
वास तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा.
हे कधी झालं? त्याने विचारलं.
हे कधी झालं? मीही विचारलं.

बादलीत शॅम्पू, दोन झाकणं.
एका वेळी हातभरच जागा.
फेस आधी करडा, मग हिरवट,
मग पातळ चहासारखा,
मग नुसता फेस.
त्यानंतरही पाणी ओतत राहायचं.
साबण मागे राहिला तर तोच पाणी धरतो.
मोहरी पुसट झाली, गेली नाही.
जाणार नाही, असं डेल्बर्ट म्हणालाच होता.
मागच्या काचेपाशी माझं ठिगळ,
आर्वोच्या गळाने फाडलेलं तिथे.
टाके वाकडे आहेत. गळत नाही.

मग टपाला ऊन खाऊ द्यायचं.
नदीत मालाचं जहाज नांगर टाकून उभं,
पुलावरून ओंडक्यांचे ट्रक.
मी पायरीवर बसून सँडविच खाल्लं
आणि मधूनमधून उठून हात लावून बघितला,
तापलेल्या कपाळाला लावतात तसा.

फवारणीआधी काचा झाकायला वर्तमानपत्र घेतलं
तर त्यात होडीची जाहिरात.
विकणे आहे. इंजिन चालू. एकच मालक.
एकच!
सहा उन्हाळे मी तिचा तळ खरवडला,
अजून करंगळीच्या नखाला तो लाल रंग आहे.
कागद मागच्या काचेवरच चिकटवला,
अक्षरं आतल्या बाजूला.

फवारणीचे दोन हात. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा.
दुसऱ्याला तासन्‌तास द्यावे लागतात, ते दिले.

संध्याकाळी आलाच पाऊस.
मी धावत जाऊन गाडीत बसले.
थेंब पडत होते, क्षणभर उभे राहत होते,
मग काठाकडे घरंगळत होते.
आतून कापडावर हात फिरवला. कोरडं.
पुन्हा फिरवला.

हेल्मीबाईंनी काचेवर टकटक केली.
उघडली नाहीसच ना शेवटी, म्हणत
शेजारच्या सीटवर बसल्या.
त्या जागी बऱ्याच दिवसांनी कुणी बसलं.
छत्री मिटायला लागल्या.

ओली मिटू नका, मी म्हणाले.

मग ठेवू कुठे? त्या म्हणाल्या.